शिवनेरी झाला, आता जुन्नर कधी?

आमचं घर मढला, कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण रस्त्याला आम्ही अजून नगर रोडच म्हणतो. माळशेज घाट चढून वर आलं आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं, की थोड्याच वेळात आमचं गाव येतं. त्यामुळे मुंबई, ठाणे, कल्याणकडचा कुठलाही नातेवाईक या रस्त्याने निघाला की चहाला आमच्याकडे थांबतोच. आणि चहा पिता पिता हमखास विचारतो, "जुन्नरला पाहण्यासारखं काय काय आहे हो?"

या प्रश्नाचं माझं उत्तर गेली चाळीस वर्षं तयार होतं. सकाळी लवकर शिवनेरी. उतरून जेवण. दुपारी लेण्याद्री. संध्याकाळी ओझरच्या विघ्नहराचं दर्शन. पावसाळा असेल आणि वेळ असेल तर नाणेघाट. रात्री मुक्कामाला आमच्याकडे, मासवडी आणि भाकरी. एका दिवसात सगळं जुन्नर! शाळेच्या सहली मी याच क्रमाने नेल्या, पाहुण्यांना याच क्रमाने पाठवलं, आणि कुणी "आत्या, मस्त झाली ट्रिप" म्हटलं की मलाही बरं वाटायचं.

आता मला वाटतं, हे उत्तर चुकीचं होतं. निदान अर्धं तरी चुकीचं होतं. ते का, हे सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात माझा भाचा, त्याची बायको आणि मुलं चार दिवस राहायला आली. फिरायला एक जीप ठरवली. जीपवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. आता त्याचीही मुलं कॉलेजात आहेत, पण मला पाहिल्यावर पूर्वीसारखाच अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पुढं बसा."

पहिल्या दिवशी नाणेघाट. वर पठारावर ही गर्दी! उलटा धबधबा पाहायला, म्हणजे दरीत कोसळणारं पाणी वाऱ्याने परत वर उडतं ते मोबाइलमध्ये घ्यायला, शेकडो माणसं आली होती. माझे गुडघे आता घाटाच्या पायऱ्या उतरू देत नाहीत, म्हणून मी जीपमध्येच बसून राहिले. आमचा जीपवाला मंडळींना माहिती देत होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जुन्या काळी व्यापारी जकातीचे पैसे टाकायचे म्हणतात, हे त्याने चांगलं सांगितलं. मग म्हणाला, "आणि खाली गुहा आहे, ती पांडवांनी एका रात्रीत कोरली. आत भिंतीवर अक्षरं आहेत, पण ती आजपर्यंत कुणालाच वाचता आलेली नाहीत."

मंडळी खाली गेल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, असं कोण म्हणालं तुला?"

तो हसला. "बाई, तुम्हीच की! सहलीला आलो होतो तेव्हा मी विचारलं होतं, बाई हे काय लिहिलंय? तुम्ही म्हणाला, ती फार जुनी लिपी आहे, ती कुणाला येत नाही. चल, रांग मोडू नकोस."

मला तो प्रसंग अजिबात आठवत नाही. पण त्यातलं "रांग मोडू नकोस" इतकं माझं आहे, की बाकीचंही खरंच असणार!

मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी "कुणालाच येत नाही" असं सांगून मोकळी झाले. शिक्षकाने "मला माहीत नाही" म्हणायला काय हरकत होती? चाळीस-पन्नास मुलं, एक लाल डबा, परतीची वेळ, कुणी दरीकडे जाऊ नये ही धास्ती... सगळी कारणं खरी आहेत. पण मी सांगितलेलं ते एक वाक्य हा माणूस इतकी वर्षं दर शनिवार-रविवारी येणाऱ्या माणसांना सांगतो आहे. वर्गात चुकलेली बेरीज दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्त करता येते. हे कसं दुरुस्त करायचं?

घरी आल्यावर भाच्याच्या मुलीकडून नेटवर शोधून घेतलं, मग पुस्तकं मिळवून वाचली. नाणेघाटचा लेख ब्राह्मी लिपीत आहे, भाषा प्राकृत. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली उलगडली. म्हणजे मी "कुणाला येत नाही" म्हणाले तेव्हा ती वाचली जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती! तो लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी संबंधित आहे. त्यात कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती, नाणी दिली, त्याचा हिशेब आहे. त्या हिशेबातले आकडे हे आपल्याकडच्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत धरले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा राहिल्या आहेत आणि वर नावं. राजा सातकर्णी आणि राणी नागनिका यांची नावं एकत्र आहेत, आणि त्यात राणीचं नाव आधी आहे. हे मला माहीत असतं तर वर्गातल्या मुलींना मी किती आवडीने सांगितलं असतं!

दुसऱ्या दिवशी सगळे बनकर फाट्यावरून गणेशखिंडीने जुन्नरला गेलो. मंडळी शिवनेरी चढायला लागली. मी खालीच थांबणार होते. तीन-चार तास करायचं काय? जीपवाल्याला म्हटलं, "मला जरा नदीवर घेऊन चल."

"कुठली नदी?" असं त्याने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. जुन्नरला येऊन नदीवर कोण जातं?

कुकडीच्या काठी आम्ही बसलो. पावसाळा असल्यामुळे पाणी होतं. एरवी वर माणिकडोह धरणात अडवलेलं पाणी आवर्तन सोडलं की येतं, नाहीतर डबकी. काठाच्या झुडपांत पिशव्या अडकलेल्या. एका बाजूला शिवनेरीचा कडा, दुसऱ्या बाजूला लांबवर लेण्याद्रीचा डोंगर. इतक्या वेळा जुन्नरला आले, पण या दोन्हींच्या मधे बसून मी जुन्नर कधी पाहिलं नव्हतं. दर वेळी एक डोंगर चढायचा, उतरायचं, गाडीत बसायचं आणि दुसरा चढायचा. मधली नदी म्हणजे गाडीने ओलांडायचा एक पूल.

त्यानंतर मी जे वाचलं, त्यातून एक गोष्ट सारखी पुढे येत गेली. जुन्नरचा सगळा इतिहास पाण्याला धरून आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, आणि शिवनेरीच्या कड्यातसुद्धा. त्यांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. माझी समजूत होती की लेणी म्हणजे राजांनी कोरवलेली. पण इथे दान देणारे बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं दिलं आणि त्याबरोबर पाण्याचं टाकं दिलं. लेखात टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने जेवणाचा मंडप दिला. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम, त्याने मानमोडीला मंडप आणि पोढी दिली, आणि लेखात वर्षही घातलं, ४६.

बघा हं, दूरदेशीचा माणूस, राजाचा मंत्री आणि बाजारातले धान्यवाले. तिघांचा देश वेगळा, दर्जा वेगळा, आणि तिघांनीही पाणी दिलं! पावसाळ्यात चार महिने वर्गात न थांबणारी झड आणि एप्रिल-मेमध्ये हंड्याला महाग, असा हा आमचा मुलूख. धरणाच्या काठावर राहूनही उन्हाळ्याची काळजी आम्हाला काही नवी नाही. पावसाचं पाणी खडकात साठवून ठेवणं याच्याइतकं मोठं दान इथे दुसरं नव्हतं, हे त्या परदेशी इरिललाही कळलं होतं.

लेण्याद्रीला आपण गणपतीच्या दर्शनाला जातो. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे तिथलं सात नंबरचं लेणं. त्याच्या शेजारी सहा नंबरचं चैत्यगृह आहे, आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. ते कुणी दिलं? तिथल्या लेखाप्रमाणे कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या किंवा सराफाच्या, मुलाने. त्याचं नाव सुलसदत. कल्याणचा! आमच्या दारावरून जो रस्ता जातो त्याच्या दुसऱ्या टोकाचा. कोकणातून घाट चढून जुन्नरला, तिथून पुढे पैठणला, हा व्यापाराचा जुना मार्ग. कल्याणहून जुन्नरला येणारा पाहुणा दोन हजार वर्षांपासून येतो आहे आणि मी त्याला "दर्शन घेऊन लगेच उतरा, ओझरला उशीर होईल" असं सांगत आले.

शिवनेरीवर तरी वेगळं काय आहे? १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म तिथे झाला, हे मराठी मुलाला पाळण्यात कळतं. सात दरवाजे, शिवाई देवी, जन्मस्थान, शिवकुंज, कडेलोटाचा कडा, हेही आपण पाहतो. पण गंगा-जमुना ही टाकी? बदामी तलाव? इतकी माणसं, जनावरं, अंबारखान्यात धान्य भरून किल्ल्यावर राहायची, ती या टाक्यांच्या जोरावर. पाणी नसेल तर दरवाजे सात काय आणि सतरा काय! जिजाऊ साहेबांनी मुक्कामासाठी हा किल्ला निवडला असेल तेव्हा कुणीतरी आधी पाण्याचीच चौकशी केली असणार, असं आपलं माझ्या गृहिणी मनाला वाटतं.

आणि खालचं गाव? ते तर आपण पाहतच नाही. मलिक अहमदाने १४९० साली निजामशाही स्थापली तेव्हा त्याचं ठाणं जुन्नर होतं. अहमदनगर त्यानंतर वसलं. पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षं निजामशाहीची राजधानी पुन्हा जुन्नरला होती. हापूसबागेतला सौदागर घुमट त्या मुसलमानी अमदानीची आठवण देतो. त्याच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम मी सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नरवर छापा घातला आणि रोकड, घोडे नेले, कारण तेव्हा हे मोगलांचं भरलेलं ठाणं होतं. शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. स्वतःच्या जन्माचा किल्ला! ही रुखरुख मी मुलांना कधी सांगितली नाही. पुस्तकात नव्हती आणि परीक्षेत येणार नव्हती.

जुन्नरचा आणखी एक मान होता, तो कागदाचा. पेशव्यांच्या दप्तरात वापरला गेलेला 'जुन्नरी कागद' इथल्या कागदी लोकांनी हाताने केलेला. लगदा भिजवायला, धुवायला, कुटायला मुबलक पाणी लागतं, म्हणजे तोही नदीच्याच जिवावर. ज्या कागदावर मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला त्यातला काही या पाण्यातून निघाला. नदीकाठी बसून मी हे जीपवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे कुठंच लिहिलेलं नाही हो." खरंच, कुठे लिहिलेलं आहे? रस्त्याला हॉटेलांच्या आणि रिसॉर्टच्या पाट्या पाहाव्यात तेवढ्या!

तर माझं म्हणणं असं आहे. जुन्नर पाहायला येणाऱ्याने ठिकाणं मोजू नयेत. नदी धरावी.

कुकडी उगम पावते तिथे पूर गावाजवळ कुकडेश्वराचं प्राचीन देऊळ आहे. शिलाहार राजा झंज याने नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं बांधली असं सांगतात, त्यांतलं हे एक. (आमच्या मढजवळ खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या छतावरची शिल्पं मान दुखेपर्यंत पाहावीत अशी आहेत.) पहिला दिवस नाणेघाट आणि कुकडेश्वर एवढ्यालाच द्यावा. नाणेघाटात धबधबा पाहावा, पण जरा खाली उतरून गुहेतही जावं आणि राणीचं नाव शोधावं. कुकडेश्वराच्या ओसरीत निवांत बसावं. मग नदीबरोबर खाली यावं. चावंडचा किल्ला लागतो, मग माणिकडोहचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. गणपतीला नमस्कार करून सहा नंबरमध्ये जावं, टाकी पाहावीत, आणि मग व्हरांड्यात उभं राहून समोर पाहावं. सगळं खोरं दिसतं, पलीकडे शिवनेरी दिसतो. उतरून गावात जावं, बाजारातून चालावं. हंगाम असेल तर वरच्या पट्ट्यातल्या लोकांनी आणलेला हिरडा, तांदूळ दिसेल. घोटभर चहा घ्यावा. ऊन उतरल्यावर शिवनेरी चढावा. उतरल्यावर पाच मिनिटं नदीवर. ज्यांना हौस असेल त्यांनी पुढे ओझरला जावं, तेही कुकडीकाठीच आहे. आणखी हौस असेल तर नंतर कधीतरी निघोजचे रांजणखळगे पाहावेत. नाणेघाटात माणसाने घडवलेला दगडी रांजण आणि निघोजला याच नदीने दगडात घडवलेले रांजण! पुढे ती घोडनदीला मिळते आणि घोड भीमेला.

आता तुम्ही म्हणाल, आत्या, एवढा वेळ कुणाला आहे? भाच्याची बायको हेच म्हणाली. तिचं म्हणणं खरं आहे. दोघांच्या नोकऱ्या, मुलांचे क्लास, जोडून आलेली एक सुट्टी. त्यात माणूस आधी शिवनेरीलाच जाणार, आणि जायलाच हवं. महाराजांच्या जन्मस्थानी डोकं टेकवताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. ते सोडून लेण्यांतली टाकी मोजत बसा असं मी कुणाला सांगणार नाही. पण एकच दिवस असेल तर तीन ठिकाणी धावण्याऐवजी एकच नीट पाहा. बाकीची पुढच्या वेळेला ठेवा. आमचं घर कुठे पळून जात नाही.

दुसरा आक्षेप जीपवाल्याने घेतला. तो म्हणाला, "बाई, नदीवर पॅसेंजर नेला तर काय दाखवू? घाण?" याला काय उत्तर द्यावं ते मला पटकन सुचलं नाही. मग म्हटलं, "अरे, पाहुणा येणार असला की आपण घरातला कोणता भाग झाडतो?" ओटी-पडवी झाडतो. जिथे पाहुण्याला बसवायचं तोच भाग. मागचं दार तसंच राहतं. जुन्नरने आपल्या नदीला मागचं दार केलं आहे. तिकडे पाहुणा जात नाही म्हणून ती कुणी झाडत नाही. चार पाहुणे रोज तिथे बसायला लागले, दोन प्रश्न विचारायला लागले, तर गावालाही लाज वाटेल आणि मग अभिमानही.

पण हे लिहिताना माझ्याच मनात शंका येते. नाणेघाटात तर पाहुणे येतात की हजारोंनी! तिथे काय झाडलं जातं? जाताना रिकाम्या बाटल्या तिथेच पडलेल्या असतात. जिथे इरिलसारख्या परक्या माणसाने स्वतःच्या पैशाने पाण्याचं टाकं कोरवलं, त्या डोंगरांत आपण वीस रुपयांचं पाणी पिऊन बाटली टाकून येतो. म्हणजे नुसते पाहुणे वाढून भागत नाही. २०१८ मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. २०२५ च्या जुलैमध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या दिवशी आम्हीही घरात पेढे वाटले. गर्दी वाढणार, धंदा वाढणार, आमच्या मुलांना काम मिळणार, हे सगळं चांगलंच. पण येणाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही, तर तो फोटो काढेल आणि जाईल. त्याचा तरी काय दोष? ज्या जागेची गोष्ट ठाऊक नाही, तिथे बाटली टाकताना हात अडखळत नाही.

म्हणून मला वाटतं, खरं काम सांगणाऱ्यांचं आहे. प्रत्येक टाक्यापाशी, प्रत्येक लेखापाशी साध्या मराठीत चार ओळींची पाटी हवी: हे कुणी दिलं, काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय. जीपवाले, चहावाले, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर काकडी-ताक विकणाऱ्या बायका, यांना ती गोष्ट माहीत हवी, कारण पाहुणा पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो. आणि आमच्या शाळांनी सहल काढताना पाच ठिकाणांऐवजी एक ठिकाण घ्यावं. मुलाने विचारलं, "बाई, हे काय लिहिलंय?" तर बाईंना येत असेल तर सांगावं. येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण दोघं शोधू" म्हणावं. रांग थोडी मोडली तर मोडू द्यावी.

माझ्या हातून हे झालं नाही. त्या सहलींत बसलेली कितीतरी मुलं आज आईबाप आहेत, काही आजी-आजोबाही झाली असतील. सगळ्यांना शोधून काढून सांगणं आता शक्य नाही. एकाला सांगितलं.

दिवाळीनंतर तो घरी आला होता, हिरड्याच्या दोन पिशव्या घेऊन. चहा झाल्यावर खिशातून वही काढली. "बाई, ती नावं परत सांगा. इरिल, आणि दुसरा कोण? आणि त्या टाक्याला काय म्हणायचे?" मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. 'पोढी' लिहिताना ढी ऱ्हस्व काढली. मी सवयीने म्हटलं, "दीर्घ." त्याने खोडून दीर्घ केली.

जाताना म्हणाला, "पण बाई, पांडवांची गोष्ट लोकांना आवडते हो."

म्हटलं, "सांग की तीही. पण शेवटी सांग, आणि ही गोष्ट आहे म्हणून सांग."

असो. या सुट्टीत जे कुणी येणार असतील त्यांनी आधी फोन करावा. मात्र या वेळी दोन रात्रींच्या मुक्कामाची तयारी ठेवून यावं. मासवडी दुसऱ्या रात्री मिळेल.